धुराच्या रकान्यातली आठ मिनिटं

१

“गाडी बंद होती,” असं त्या दिवशी मला रांगेपाशी असलेल्या चार जणांनी सांगितलं. चौघंही तसे खरं बोलणारे. पाचवा माणूस दवाखान्यात होता, कारण त्याच बंद गाडीनं सकाळी अकरा बावीसला त्याला भिंतीशी दाबून त्याच्या नडगीचे दोन तुकडे केले होते.

वाहन तपासणी केंद्रांची तपासणी करायची, हे माझं काम. गाड्या तपासणाऱ्यांना तपासणारी बाई म्हटल्यावर तिचं स्वागत कसं होत असेल ते सांगायला नको. मी आत पाऊल टाकलं की कपाटं झाकली जातात आणि माणसं एकदम कामसू दिसायला लागतात. त्या दिवशी दुपारी मात्र कुणी काही झाकलं नाही. उलट एक उंच माणूस, उजवा गुडघा न वाकवता चालत, सरळ माझ्यापुढे आला आणि खिशातला परवाना काढून त्यानं माझ्या हातात ठेवला.

“लिहून घ्या, मॅडम. चूक माझी आहे. गाडी चालू ठेवून उतरलो.”

त्यांना सगळे धूरमास्तर म्हणत. एकतीस वर्षं ते गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजत आले होते. मास्तर वासावरून आकडा सांगतात आणि मशीन मागाहून त्यांची री ओढतं, अशी त्यांची ख्याती होती.

नियम सरळ होता. तपासणीच्या रांगेत गाडीत फक्त परवाना असलेल्या निरीक्षकानं बसायचं. त्याच्या हलगर्जीपणानं कुणी जायबंदी झालं तर परवाना कायमचा रद्द. पाच वाजेपर्यंत माझा अहवाल जायचा होता. तो गेला की मास्तरांना पुन्हा कुठल्याच केंद्रात गाडीला हात लावता येणार नव्हता, आणि या माणसाला दुसरं काही करायचंच नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

वीस वर्षांत मी एकमेकांच्या गळ्यात टाकलेल्या चुका पुष्कळ बघितल्यात. इस्त्री करून हातात आणून दिलेली चूक पहिलीच होती. मला ती घ्यावीशी वाटेना.

मी गाडीपाशी गेले. फिकट निळी, छोटी, विजेवर चालणारी. अपघात झाल्यावर केंद्रातल्या नव्या निरीक्षक मुलीनं उघड्या खिडकीतून हात घालून बटण दाबलं आणि सगळ्यांनी मिळून गाडी मागे ढकलली. त्यानंतर आत कुणी बसलं नव्हतं. मी दार उघडून बसायला गेले आणि माझे दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. मी काही फार उंच नाही, तरी मला तिथे बसता येईना.

मागे वळून मी मास्तरांच्या त्या लांबलचक, न वाकणाऱ्या पायाकडे पाहिलं. तो पाय या सीटवर मावणं शक्यच नव्हतं.

२

नवी निरीक्षक मुलगी टायरांच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. नोकरीला सहा महिने झालेले, डोळे रडून लाल, आणि उंची माझ्या खांद्यापर्यंत. तिला बघून माझ्या मनात जे यायचं ते आलंच.

“गाडीत तू किती वाजता बसलीस?”

“मी बसलेच नाही, मॅडम.”

“सीट तुझ्या मापाची आहे.”

तिनं मान खाली घातली नाही. हातातला टॅब माझ्यापुढे धरला. “हा फोटो बघा. अकरा सतरा. मागचे दिवे.”

फोटोत गाडीचे मागचे तिन्ही ब्रेकदिवे लखलखीत लागलेले होते. आत कुणीतरी ब्रेकवर पाय दाबल्याशिवाय ते लागत नाहीत, आणि फोटो काढणारी तर बाहेर उभी. पोरीनं एका फोटोत माझा संशय माझ्याच पदरात परत घातला. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

“मग आत कोण होतं?”

“मास्तर. म्हणजे, मास्तरच असणार ना? मागच्या काचेला उन्हाचा पडदा होता, दिसलं नाही. मी ‘ब्रेक’ म्हटलं, दिवे लागले. मग मी मागच्या चाकाशी बसून टायरची नक्षी मोजत होते, तिथूनच ‘मागचा वायपर’ म्हटलं.”

“आणि वायपर चालला.”

“पहिल्यांदा नाही चालला. मी परत सांगितलं, तेव्हा चालला. मग गाडी जराशी हलली आणि दार लागलं. उतरताना हलतेच ना गाडी.”

“तुला काही आवाज आला?”

“कसला आवाज? गाडी तर बंद होती.”

मी पुन्हा गाडीशी गेले, सीट मागे सरकवली आणि बसले. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडी होती. बाकीच्या गाड्यांत ज्या बाजूला वायपरची दांडी असते, तिकडे मी सवयीनं हात नेला. तिच्यावर वायपरचं चित्र नव्हतं. तिच्यावर गिअरची अक्षरं होती.

“ही माहीत होती तुला?” मी मुलीला विचारलं.

“हो. पहिल्याच दिवशी मास्तरांनी दाखवली होती. म्हणाले, या गाड्यांत इथे हात टाकायच्या आधी डोळे टाकायचे.”

म्हणजे ज्यानं पहिल्यांदा चुकीची दांडी दाबली, ब्रेकवर पाय असतानाच गाडी गिअरमध्ये टाकली आणि मग चाचपडत खरा वायपर शोधला, तो मास्तरांचा विद्यार्थी नव्हता. मास्तर तर नव्हतेच नव्हते.

३

एक गोष्ट मात्र अडत होती. गाडी अकरा सतराला गिअरमध्ये गेली आणि माणूस दाबला गेला अकरा बावीसला. मधली पाच मिनिटं ती शहाण्यासारखी उभी का राहिली?

उत्तर भिंतीकडेला पडलं होतं. दिव्यांच्या तपासणीला गाडी उभी केली की पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा लावतात. त्या ठोकळ्याची कड ताजी चेपली होती आणि तिच्यावर टायरचा काळा पट्टा उमटला होता. पाच मिनिटं ती गाडी त्या ठोकळ्याला हळूहळू रेटत होती. पेट्रोलची गाडी असती तर गुरगुरली असती, थरथरली असती, कुणीतरी ओरडलं असतं. हिनं तोंडातून ब्र काढला नाही. मग दिवे तपासणारा माणूस आपली पेटी घेऊन तिच्यापुढे गेला आणि रोजच्यासारखा ठोकळा पायानं बाजूला सारला.

चौघंही खरं बोलत होते ते असं. आयुष्यभर त्यांनी गाडी चालू आहे की बंद हे कानांनी ठरवलं होतं.

आता केंद्रप्रमुखांची केबिन. साहेब भरघोस अंगाचे; त्या पुढे ओढलेल्या सीटवर ते बसले असते तर स्टिअरिंगसकट बाहेर काढावे लागले असते. गाडीचं माहितीपुस्तक मी बरोबर नेलं होतं.

“साहेब, चालकाचा सीटबेल्ट रिकाम्या सीटवरच अडकवलेला आहे. का?”

“तो होय,” ते हसले. “ते आम्ही सगळेच करतो. दिवसाला चाळीस गाड्यांत चढा-उतरा, प्रत्येक वेळी ती पट्ट्याची टिंगटिंग. पट्टा अडकवायचा आणि त्याच्यावरच बसायचं. गाडी गप्प.”

“या पुस्तकात काय लिहिलंय बघा. दार उघडलं आणि पट्टा सुटलेला असला, की गाडी आपण होऊन गिअरमधून निघते आणि ब्रेक लावून घेते. पट्टा लावलेला असला तर तिला वाटतं माणूस आत बसलाय.”

साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“शेवटी आत कोण बसलं होतं, साहेब?”

“मास्तरांनी कबूल केलंय ना? मी तेव्हा फोनवर होतो.”

“एक मिनिट उठता?” असं म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले. समोर काच, काचेपलीकडे रांग, आणि बरोबर मधोमध निळ्या गाडीचं चालकाकडचं दार.

“इथून तर सगळं दिसतं,” मी म्हणाले. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

४

गाडीची मालकीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, मास्तरांइतकीच उंच. सकाळपासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या गाडीनं माणूस मोडला, असं त्या तीनदा म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटलं.

“तुम्ही गाडी सोडून प्रतीक्षागृहात गेलात, पुढे काय झालं?”

“मी भांडले,” त्या म्हणाल्या. “अर्जावर धुराचा रकाना आहे, आणि त्यांनी त्यात रेघ मारली. मी म्हटलं, रेघ का? माझी गाडी तपासायची तर पूर्ण तपासा. त्यांनी मला इतकं शांतपणे समजावलं, की विजेच्या गाडीला धुराची तपासणी लागत नाही, बाकी सगळी लागते. ब्रेक, टायर, दिवे, वायपर. मी म्हटलं, लेखी द्या.”

“दिलं?”

बाईंनी पुस्तकातून एक चिठ्ठी काढली. धूरतपासणी लागू नाही, खाली दोघांच्या सह्या. वर यंत्रानं छापलेली वेळ: अकरा सोळा.

“आणि मग लगेच परत गेले ते?”

“छे हो. मला अजून पटलं नव्हतं ना. त्यांनी चिठ्ठीमागे आकृती काढली. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन, नळी, धूर कुठून येतो. आणि शेजारी माझी गाडी. हे बघा. मी त्यांना म्हटलं, तुमचं वर्तुळ वर्तुळ नाही, बटाटा आहे. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं. ते काढत असतानाच तिकडून ओरडा आला.”

मी चिठ्ठी उलटी केली. दोन गाड्या, एक खोडलेला बटाटा आणि एक बऱ्यापैकी वर्तुळ. एका माणसाची अब्रू त्या वर्तुळात सुखरूप बसली होती, आणि त्यानं ती मला दाखवलीही नव्हती.

“आणखी काही आठवतं? केबिनमधले साहेब?”

“ते फोनवर होते. एका कानात बोट घातलेलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तेव्हा त्यांनी काचेतून हात केला. असा.” बाईंनी हात दोनदा गोल फिरवला. चला, चला, उरका.

“कुणाकडे बघून?”

“तो दिव्यांच्या पेटीशी उभा असतो ना, ठेंगणा, त्याच्याकडे.”

५

दवाखान्यात मी मास्तरांना आणि साहेबांना माझ्याच गाडीतून नेलं. निघण्याआधी पुस्तकातलं ते पट्ट्याचं वाक्य मी मास्तरांनाही वाचायला दिलं. चार वाजून गेले होते.

दिवेवाला खाटेवर उशीला टेकून बसला होता, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. वीस वर्षं तो गाड्यांच्या डोळ्यात डोळे घालून हेडलाइट सरळ करत आला होता. परवाना त्याला कधी मिळाला नाही. परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा बसलाच नाही. मास्तरांना बघून तो उठायला गेला आणि कळवळून परत टेकला.

मी खुर्ची ओढली. “मी सांगते, चुकलं तर थांबवा. अकरा चौदाला मास्तरांनी ब्रेकची तपासणी संपवली, गाडी दिव्यांपुढे आणली, बंद केली आणि ठोकळा लावला. पेट्रोलची गाडी असती तर यापुढची आठ मिनिटं धुराची. मास्तर नळी धरून गाडीपाशी उभे राहिले असते. पण धुराच्या रकान्यात रेघ, म्हणून ते बाईंना समजवायला गेले. अकरा सोळाची चिठ्ठी माझ्याकडे आहे. अकरा सतराला आत कुणीतरी ब्रेक दाबला. ती मुलगी बाहेर फोटो काढत होती. साहेब त्या सीटवर मावत नाहीत. बाईंनी गाडी सोडली ती सोडली. उरलं कोण?”

मी खाटेकडे वळले.

“ज्याला सीट पुढे ओढावी लागते. ज्याला ही नवी दांडी कुणी दाखवली नाही, कारण त्याला गाडीत बसायची परवानगीच नाही. आणि ज्यानं पाच मिनिटांनी आपल्याच पायानं ठोकळा सारला.”

दिवेवाल्यानं डोळे मिटले. “मीच बसलो, मॅडम,” तो म्हणाला. “बटण दाबलं, काही सुरू झाल्यासारखं वाटलंच नाही. बंद करायचं काय मग? मास्तरांचं नाव काढू नका. मी सकाळीच सांगणार होतो, यांनी मला गप्प बसवलं.”

“परवाना नसताना गाडीत बसला म्हटलं तर हा कामावरून जातो,” मास्तर म्हणाले. “उपचारही घरच्या पैशानं. घरात आई झोपून, मुलगी शिकतेय. माझ्यामागे कोण आहे? माझा परवाना गेला तर एकाचं जाईल.”

“आणि खोटं?”

“खोटं कसं?” मास्तर पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. “पट्टा लावलेला नसता तर गाडी थांबली असती, असं तुमच्या पुस्तकात आहे ना? तो पट्टा अडकवून त्याच्यावर बसायची सवय इथे कुणी लावली? मी. हा नवा होता, गाडीपुढे उभा राहून टिंगटिंगीनं वैतागायचा. मी म्हटलं, थांब, गप्प करतो तिला. वीस वर्षांपूर्वी. सगळ्या केंद्रानं माझं बघून उचललं. मी सीटवर नव्हतो, मॅडम, पण चूक माझीच होती.”

मला वाटलं होतं, कोडं सुटलं की बरं वाटेल. तसं झालं नाही; मी खिडकीकडे बघत बसले. खरं लिहिलं तर खाटेवरचा माणूस उघड्यावर पडणार होता. नाही लिहिलं तर खुर्चीतला. घड्याळात साडेचार झाले होते.

“अजून एक गोष्ट राहिलीय,” मी खिडकीकडे बघतच म्हणाले. “वीस वर्षांत जो माणूस कधी गाडीत बसला नाही, तो आजच का बसला?”

दिवेवाला मास्तरांकडे बघायला लागला, मास्तर दिवेवाल्याकडे. साहेबांकडे कुणीच बघितलं नाही. तेवढी दानत दोघांत होती. मी माझा हात उचलला आणि दोनदा गोल फिरवला.

साहेब भिंतीशी उभे होते. घाम पुसायला काढलेला रुमाल तसाच हातात राहिला.

“वरून फोन होता,” ते म्हणाले. “रांग का तुंबलीय म्हणून झापत होते. मी बोट दाखवलं आणि हात केला. बस म्हटलं त्याला. मी म्हटलं.” मग ते खाटेकडे वळले. “सकाळपासून मूग गिळून बसलो, बाबा. माफ कर. मॅडम, लिहा. वरिष्ठाच्या हुकमानं बसला, असं लिहा. मी सही करतो.”

हुकमानं बसलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही आणि त्याचा उपचार केंद्राच्या माथी येतो, हा नियम आम्हा चौघांनाही पाठ होता. तो नियम वापरायला एक सही लागत होती, आणि ती सही करणाऱ्याची खुर्ची जाणार होती. त्यांनी खाटेच्या कडेवर कागद ठेवून सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

मास्तरांचा परवाना मी पर्समधून काढून त्यांना परत दिला. त्यांनी तो लगेच खिशात टाकला नाही, बराच वेळ हातातच धरला.

६

अहवालात मी एक सूचनाही लिहिली होती. अशा सूचना सहसा फायलीत झोपतात. ही कशी कोण जाणे जागी राहिली. विजेच्या गाडीच्या अर्जात धुराच्या रकान्यावर आता नुसती रेघ मारत नाहीत. तिथे लिहिलेलं असतं: गाडीपाशी थांबा, पट्टा सोडा, गाडीतला स्क्रीन बघा, गाडी बंद आहे हे डोळ्यांनी ठरवा. खाली निरीक्षकाची सही.

तीन महिन्यांनी मी त्या केंद्रात गेले. केबिनमध्ये दुसरे साहेब होते. जुन्यांची बदली कागदपत्रांच्या गोदामात झाली होती, आणि दर रविवारी ते दिवेवाल्याकडून परीक्षेची उत्तरं पाठ करून घेतात असं मला त्या मुलीनं सांगितलं. या वेळी तो पास होईल, अशी तिला खात्री होती. मला तेवढी नव्हती, पण मी तसं म्हटलं नाही.

दिवेवाला पेटीमागे उंच स्टुलावर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून. रांगेत एक पांढरी गाडी होती, विजेचीच. मास्तर तिच्या दाराशी उभे होते, आत वाकून. मोजायला धूर नव्हता, हातात नळी नव्हती, तरी जुन्या गाडीपाशी उभे राहायचे तसेच ते उभे होते, शांतपणे, वेळ देऊन. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

“पट्टा?” स्टुलावरून दिवेवाल्यानं विचारलं.

मास्तर सरळ झाले आणि पट्ट्याचं सुटं टोक त्याला दिसेल असं त्यांनी हातात वर धरलं. आतून टिंगटिंग चालू होती.

“वाजू दे,” दिवेवाला म्हणाला, आणि मगच त्यानं ठोकळ्याकडे कुबडी नेली.